आईच्या कोपराच्या मापाचं टेबल

मी एक जुनं टेबल आहे, मित्रांनो. स्वयंपाकघरातलं, चार पायांचं, फळीभर सुरीच्या खुणा असलेलं. जुनं म्हणा, मला राग नाही. मोडकं म्हणालात तर मात्र आपलं जमायचं नाही. माझा एकही पाय अजून हललेला नाही.

ज्या बाईजवळ मी एक्कावन्न वर्षं काढली, तिची ही गोष्ट आहे. ती गेल्यावर तिच्याविषयी एक कागद लिहिला गेला. त्यात ढळढळीत खोटं होतं, आणि तो कागद माझ्याच फळीवर ठेवून लिहिला गेला. त्या दिवशी मला तोंड नव्हतं. आज बोलायची संधी मिळाली आहे, तर मी मूग गिळून बसणार नाही.

मला सुतारमामांनी घडवलं. त्यांच्या दुकानात जमिनीवर भुशाचा इतका जाड थर असे की आत कोण आलं ते कळत नसे. तिथे एके दिवशी एक नवं जोडपं आलं. नवरा शहराच्या पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला होता. पंपाच्या घरघरीत दिवस काढून त्याला कमी बोलायची सवय लागली होती. बायको मात्र आल्याआल्या मापाला भिडली.

"हे फार बुटकं आहे," ती एका तयार टेबलाकडे बघून म्हणाली.

"वहिनी, माप ठरलेलं असतं," सुतारमामा म्हणाले. "आम्ही सगळ्यांना ह्याच उंचीचं करून देतो."

"मग सगळ्यांच्या कमरा दुखत असतील."

ती ताठ उभी राहिली, हात कोपरात दुमडला आणि म्हणाली, "इथून चार बोटं खाली. कणीक मळताना मला वाकायचं नाही. देवापुढे वाकते, तेवढं पुरे."

सुतारमामा पुटपुटले, पण कानावरची पेन्सिल काढून त्यांनी भिंतीवर खूण केली. अशी माझी उंची ठरली. घरात आल्यावर सगळ्यांची पंचाईत झाली. नवऱ्याची बहीण, म्हणजे पुढे मुलांची आत्या, पहिल्यांदा जेवायला बसली तेव्हा ताट तिच्या हनुवटीशी आलं. "अगं, हे टेबल आहे की मचाण?" ती म्हणाली. आईने तिच्याखाली दोन उशा सरकवल्या आणि वाढायला घेतलं. माप तिने बदललं नाही.

मी तिला आई म्हणतो. घरात सगळे तेच म्हणत आणि मला दुसरं नाव ठाऊक नाही.

रोज सकाळी बाबा पहिल्या पाळीला गेले की ती मला ओल्या फडक्याने पुसायची, मग कोरड्याने. मग दोन्ही तळवे माझ्यावर सपाट ठेवून उभ्यानेच प्रार्थना करायची. डोळे मिटून पुटपुटणं तिच्या स्वभावात नव्हतं. कुंपणापलीकडच्या शेजारणीशी बोलावं तशी ती देवाशी बोलायची. "कालचा दिवस नीट गेला, त्याबद्दल आभार. पण मोठ्याचा खोकला अजून गेलेला नाही. हे तुझ्या लक्षात आहे ना?"

मोठा म्हणजे तिचा मुलगा. त्याच्या पाठीवर पाच वर्षांनी मुलगी झाली. ती चालायला लागल्यापासून एका जागी ठरेना, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी.

भिंगरी अडीच वर्षांची झाली तरी बोलेना. आत्या म्हणे, हट्टी आहे. शेजारणी म्हणत, काही मुलं उशिरा बोलतात. मग एका दुपारी आई माझ्यावर कणीक मळत होती आणि भिंगरी खोक्यावर चढून, माझ्या फळीला गाल लावून बसली होती. आईने गोळा उचलून आपटला. भिंगरी खुदकन हसली. आईने पुन्हा आपटला. ती पुन्हा हसली. आई थांबली आणि भिंगरीच्या मागे जाऊन तिने हाक मारली. एकदा, दोनदा, मग जोरात. भिंगरी माझ्यावर गाल ठेवून पुढच्या धक्क्याची वाट बघत होती. हाकेने तिची पापणीही हलली नाही.

घरातली मंडळी पुढे सांगत, की त्या दिवशी आई ढसाढसा रडली. मित्रांनो, मी तिथे होतो. ती रडली नाही. ती परत आली, गोळा उचलला आणि पुन्हा आपटला. मुलगी हसत होती, म्हणून ती आपटत राहिली. त्या दिवशी पोळपाटावर आलेली कणीक इतकी मळलेली होती की बाबांनी जेवताना विचारलं, "आज काय झालं?"

डॉक्टरांनी कान तपासले आणि मान हलवली. मुलीला ऐकू येत नव्हतं, आणि त्यावर त्यांच्याकडे औषध नव्हतं.

दुसऱ्या सकाळी आईने मला पुसलं, तळवे ठेवले, आणि ती गप्प उभी राहिली. असे नऊ दिवस गेले. रोज यायची, तळवे ठेवायची, शब्द नाही. दहाव्या दिवशी ती म्हणाली, "मी रागावले आहे. पण मी आले आहे." एवढंच बोलली आणि चहा टाकायला गेली. लोक तिच्या श्रद्धेविषयी बरंच बोलतात. माझ्या मते तिची सगळी श्रद्धा त्या दोन वाक्यांत होती.

त्याच आठवड्यात प्रार्थनाघरातले थोरले काका घरी आले. चांगले गृहस्थ होते, पण समजूत घालायची त्यांना फार हौस. कप हातात घेऊन ते म्हणाले, "ही देवाची इच्छा आहे, बाई. आपण मान तुकवायची असते."

"काका," आई म्हणाली, "देवाशी माझं रोज सकाळी बोलणं होतं. मला त्याने असं काही सांगितलं नाही. तुम्हाला सांगितलं असेल, तर कधी ते सांगा."

काकांनी कप खाली ठेवला. बाबांना एकदम खोकला आला. तो खरा खोकला नव्हता, हे मला त्यांच्या गुडघ्यांवरून कळलं. माझ्याखाली ते हसण्याने हलत होते.

आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर इस्त्रीवाले मामा होते. त्यांनाही जन्मापासून ऐकू येत नव्हतं. शेजारच्या पाववाल्याशी ते हातांनी गप्पा मारत. लोक येताजाता त्यांच्याकडे बघत, पण त्यांचं बोलणं शिकावं असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. आई भिंगरीला घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. मुलीच्या कानाला हात लावला, मग त्यांच्या हातांकडे बोट केलं, आणि आपल्या घराकडे. मामांना सगळं कळलं.

दर गुरुवारी दुपारी, इस्त्री थंड करून, ते आमच्याकडे येऊ लागले. एका बाजूला ते, समोर आई, भिंगरी आणि दादा. आता भिंगरीचा भाऊ आमच्यासाठी दादाच झाला होता. शेजारणींच्या जिभांना मात्र काम मिळालं. "नवरा कामावर, आणि परका माणूस घरात!" हे आईच्या कानावर आलं. पुढच्या गुरुवारी तिने पुढचं दार सताड उघडलं, पडदा बाजूला केला आणि मला ओढून अगदी दारासमोर आणलं. बाहेर रेंगाळणाऱ्या दोघींना ती म्हणाली, "लांबून मान दुखेल. आत या आणि तुम्हीही शिका." दोघींपैकी एक खरंच आत आली. दुसरीने महिनाभर आमच्या दारावरून जाणं टाळलं.

पाणी, गरम, भूक, झोप, अशा खुणा झाल्या. पण भिंगरीने स्वतःहून केलेली पहिली खूण कोणती, माहीत आहे? 'नाही'. दुधाचा पेला माझ्यावर आपटून तिने हाताने ठणकावून 'नाही' म्हटलं. दूध माझ्या फटीतून खाली गळलं. आई पुसायचं सोडून टाळ्या वाजवत होती. "माझीच पोर आहे!"

मग शाळेची वेळ आली. मुख्याध्यापिकाबाईंनी दारातूनच सांगितलं, "हिच्यामुळे बाकीच्या मुलांचा वेळ जाईल. घरीच ठेवा."

दुसऱ्या दिवसापासून माझ्यावरची कामं कमी झाली. वाटाण्याच्या शेंगा पिशवीतून बाहेर जात आणि सोललेल्या परत येत. विणकाम बाहेर जाई आणि चार बोटं वाढून येई. बाबा सांगत होते, तेव्हा मला कळलं. आई रोज पहिल्या घंटेला भिंगरीला घेऊन शाळेच्या व्हरांड्यात चटई टाकून बसत होती, ती शेवटच्या घंटेपर्यंत. खिडकीतून फळा दिसायचा. बाई आत लिहीत, आई बाहेर भिंगरीच्या पाटीवर तेच लिही आणि हाताने समजावी.

तेविसाव्या दिवशी मुख्याध्यापिकाबाई बाहेर आल्या. "अहो, असं किती दिवस बसणार?"

"माझं काही अडलेलं नाही," आई म्हणाली. "घरची कामं इथेही होतात. आज पालक निवडते आहे."

"मुलं आत लक्ष देत नाहीत. सगळी खिडकीतून तुमच्या हातांकडे बघत बसतात."

"म्हणजे वेळ माझ्या मुलीमुळे जात नाही. ती बाहेर आहे म्हणून जातो आहे."

बाईंनी हात टेकले. चोविसाव्या दिवशी भिंगरी पहिल्या बाकावर बसली.

तिला सगळं आयतं मिळालं असं समजू नका. पुढची दहा वर्षं रोज संध्याकाळी माझ्यावर दुसरी शाळा भरायची. आई स्वतः सातवीपर्यंत शिकलेली. त्यापुढचा धडा ती आधी स्वतः वाचायची, अडला की बाबांना, नाहीतर गल्लीतल्या औषधवाल्याला विचारायची, आणि मग शिकवायची. भूमितीला तर तिघांनीही डोकं धरलं होतं. माझ्या कडेवर कर्कटकाच्या टोकाने पडलेली भोकं त्याच वर्षातली. पण भिंगरीला रेषांचं वेड लागलं ते तिथेच. शिकून ती रस्त्यांचे आणि पुलांचे आराखडे काढू लागली, आणि नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली.

दादाही मोठा झाला. चांगला मुलगा, कष्टाळू. पण मोठा होता होता त्याचे हात गप्प झाले. बहिणीशी बोलायचं तर चिठ्ठी लिही, किंवा आईला मध्ये घाली. असं का झालं, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

बाबा गेले. त्यानंतर दादाने घर नवं केलं, आणि काचेचं चकचकीत टेबल आणलं. मला मागच्या पडवीत नेलं. माझ्यावर रंगाचे डबे, खाली सिमेंटचं अर्धं पोतं. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. एखाद्या कप-बशीसाठीही कुणी माझ्याकडे येईना.

आई तेव्हा सत्तरीच्या पुढे होती. पहिल्याच सकाळी ती पडवीत आली. एकेक करून तिने डबे खाली ठेवले, मला पुसलं, आणि तळवे ठेवून उभी राहिली. दादा मागे धावत आला. "आई, थंडी आहे इथे! आत कर ना प्रार्थना."

"त्या काचेवर हात ठेवले की माझाच चेहरा दिसतो," ती म्हणाली. "मला माझ्याशी बोलायचं नसतं."

दादाने मला आत नेलं नाही, आणि तिनेही पडवी सोडली नाही. दोघंही एकाच मातीचे. थंडीत दोन स्वेटर घालून, कानाला रुमाल बांधून ती यायची. मग एके सकाळी ती आली नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. घरात पावलांची धावपळ होती, पण टेबलाला कोण येऊन सांगणार? चौथ्या दिवशी पुढच्या खोलीतून खूप माणसांचं हळू बोलणं ऐकू आलं, तेव्हा मी समजलो.

आता त्या कागदाविषयी सांगतो.

काचेच्या टेबलाभोवती भेटायला आलेली मंडळी होती, म्हणून दादा आणि आत्या कागद घेऊन पडवीत आले. दोन दिवसांनी अंगणात आईच्या आठवणीसाठी सगळे जमणार होते. तिथे वाचायला मजकूर हवा होता. आत्या सांगत गेली, दादा लिहीत गेला. 'आमची आई अत्यंत शांत आणि सोशिक होती. तिने आयुष्यात कधी कुणाला उलट उत्तर दिलं नाही. तिने सगळं निमूटपणे सोसलं.'

मित्रांनो, लाकूड तडकतं ते उन्हाने, असं म्हणतात. त्या क्षणी उन्हाशिवाय तडकता आलं असतं, तर मी तडकलो असतो! शांत? निमूट? कुणाविषयी लिहिता आहात?

संध्याकाळी भिंगरी आली. पिशवी खांद्यावरच होती. तिने कागद वाचला, खिशातली पेन्सिल काढली, आणि जशी ती आराखड्यातली चुकलेली रेषा खोडते, तसं एकेक वाक्य आडवं खोडलं.

"अगं, गेलेल्या माणसाविषयी चांगलंच बोलावं," आत्या म्हणाली. भिंगरीने तिच्या ओठांवरून वाचलं आणि कागदाच्या कडेला लिहिलं, 'हे चांगलं नाही. हे दुसऱ्याच बाईविषयी आहे.'

मग तिने हातांनी दादाला सांगितलं, की मी बोलणार आहे.

"लोकांना काय कळणार?" दादा तोंडाने म्हणाला.

तिने त्याच्या छातीला बोट लावलं. तू सांगशील.

त्याने स्वतःच्या हातांकडे बघितलं. "मी विसरलो," तो म्हणाला. ती हटली नाही. त्याच्यासमोर बसली, आणि लहानपणी आई बसवायची तशी त्याची बोटं एकेक करून वळवू लागली. दोन दिवस ती दोघं माझ्यापाशी बसून होती.

अंगणात फोटो आणि फुलं ठेवायला मोठं टेबल हवं, म्हणून मला बाहेर काढलं. गल्ली लोटली होती. मागच्या रांगेत म्हातारे इस्त्रीवाले मामा काठी धरून बसले होते. भिंगरी माझ्या एका टोकाला उभी राहिली, दादा तिच्या शेजारी. तिचे हात उठले.

"माझी आई शांत नव्हती," दादा मोठ्याने म्हणाला.

अंगणात चुळबुळ झाली. आत्याने कपाळाला हात लावला.

"तिचा आवाज मी कधी ऐकला नाही. पण ती ओरडली की तिच्या मानेवरची शीर फुगायची, त्यामुळे मला सगळं कळायचं." लोक हसले. "तिने डॉक्टरांचं ऐकलं, पण त्यांचा शब्द शेवटचा मानला नाही. ती देवावरसुद्धा रागावली, आणि रागावून त्याच्याकडेच गेली. ती घर सांभाळायची. आणि घर सांभाळणं म्हणजे काय काय आत येऊ द्यायचं नाही, हे ठरवणंही."

दादा अडखळत होता. एका ठिकाणी त्याने चूक केली, तेव्हा भिंगरीने मान हलवून पुन्हा सांगितलं. मग ती पुढे सरकली, आणि दादा एकदम थांबला.

तिचे हात बोलत होते, पण त्याचं तोंड उघडेना. ते काय होतं, हे अंगणात त्या दोघांनाच कळत होतं, आणि मागे बसलेल्या इस्त्रीवाल्या मामांना. दादाला दुसरं काहीही सांगता आलं असतं. कुणी पकडलं नसतं. भिंगरीने हात खाली घेतले आणि ती वाट बघत उभी राहिली.

"ती माझ्याविषयी सांगते आहे," दादा अखेर म्हणाला. "मी बारा वर्षांचा होतो. आम्ही तिघं बाजारातून येत होतो. समोरून माझ्या वर्गातली मुलं आली. आई हिच्याशी हातांनी बोलत होती. मी आईचा हात धरला आणि खाली दाबला. म्हटलं, बाहेर असं करू नकोस, पोरं हसतात."

त्याने माझी कड घट्ट धरली.

"आईने दोन्ही पिशव्या रस्त्यात खाली ठेवल्या. बटाटे घरंगळले. आणि भर बाजारात, त्या पोरांसमोर, मला हातांनी म्हणाली..." पुढे त्याचा आवाज गेला. पण हात चालले. त्याने ते वाक्य आधी हातांनी केलं, सगळ्यांसमोर, आणि मग कसाबसा शब्दांत म्हणाला, "'हसू देत. हसणं उद्या विसरतील. तुझे हात थांबले, तर तुझी बहीण घरातच एकटी पडेल.' आणि मी थांबवले. ती म्हणाली होती, तरी मी थांबवले."

भिंगरीने त्याच्याकडे वळून हातांनी काहीतरी सांगितलं. छोटंसंच होतं.

"काय म्हणाली रे ती?" आत्याने विचारलं.

दादाने डोळे पुसले. "ते तुमच्यासाठी नाही, आत्या."

त्यानंतर काचेच्या टेबलाच्या घरात मी राहिलो नाही. भिंगरी मला टेंपोत घालून तिच्या शहरात घेऊन आली. तिच्यासाठी मी चार बोटं उंच आहे, पण ती उभ्यानेच आराखडे काढते. महिन्यातून एकदा दादा येतो. दोघं माझ्या दोन बाजूंना बसून हातांनी कडाकडा भांडतात. मध्येच कपाला कुणाचा तरी हात लागतो आणि चहा सांडतो. सांडू दे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं सांगून मी तुम्हाला सोडणार नाही. टेबल पुसायला अर्धं मिनिट लागतं, तेवढं तुम्ही कराल. माझी मागणी जास्त आहे. तुमची आई समोर आहे, तोवर तिला विचारा, "आई, तू आजवर कशाकशाला नाही म्हणालीस?" ती म्हणेल, "चल, काहीतरीच! मी कुठे काय केलं?" तुम्ही उठू नका. ती सांगेपर्यंत बसून राहा. आणि सांगेल ते जसंच्या तसं लिहून घ्या. त्यात साखर घालू नका.